गेम खेळताना लॅपटॉप फटकन बंद पडतो, तापमान तर ठीक दिसतंय

उंबरठा

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे डोक्याला ताप झालाय, म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉप चार वर्षांचा आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, १६ जीबी रॅम आहे. गेम सुरू केला की कधी दहा मिनिटांनी, कधी पाऊण तासाने अचानक सगळं बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. गेम आधी अडखळतोय असंही नाही. स्क्रीन, कळफलकाचे दिवे आणि पंख्याचा आवाज एकाच क्षणी जातात. बटण दाबलं की लगेच चालू होतो आणि काही झालंच नाही असा चालतो. ब्राउझर, सिनेमा, कॉलेजचं काम, यात कधीच बंद पडत नाही.

आत्तापर्यंत केलेलं: मागचं झाकण उघडून साफ केला. पंखे वरून स्वच्छ दिसत होते, पण पंखा काढल्यावर जाळीच्या पट्ट्यांपाशी राखाडी नमद्यासारखा धुळीचा थर निघाला, बोटाच्या चिमटीत अख्खा उचलता आला. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूच्या प्लेटकडे नेणारा लेप) नवी लावली. खाली कूलिंग पॅड घेतलं. आधी सीपीयू ९६ पर्यंत जायचा, आता ८५ च्या आसपास राहतो. तापमान कमी झालं, बंद पडणं मात्र जसंच्या तसं.

घरच्यांनी खूप विचार करून घेऊन दिलेला लॅपटॉप आहे आणि माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्यातच आहे. मदरबोर्ड गेला असेल का?

पहाटवारा

पेस्ट नीट बसली नसेल. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, दुसऱ्यांदा लावल्यावर थांबलं. हीटसिंकचे, म्हणजे त्या उष्णता ओढणाऱ्या प्लेटचे, स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने आवळले होते का? एका बाजूने आवळत गेलं तर प्लेट तिरकी बसते आणि एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहते.

उंबरठा

हो, १-२-३-४ याच क्रमाने, थोडं थोडं करत.

निळाठिपका

विंडोज नव्याने टाकून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला की असं होतं.

तारजोड

थांब, विंडोज नव्याने टाकू नकोस. प्रोजेक्ट त्यातच आहे म्हणतोस. आधी त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घे आणि मग पुढचं वाच.

मी दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. "बंद पडतो" या एका शब्दाखाली लोक तीन वेगळे आजार सांगतात. स्क्रीन काळा होतो पण पंखे फिरत राहतात, आवाज येत राहतो: तिथे ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर बघायचा. निळा स्क्रीन येतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो: तिथे रॅम, ड्रायव्हर, डिस्क. आणि तिसरा तुझा, सगळे दिवे एका क्षणी जातात आणि यंत्र गप्प पडून राहतं. ड्रायव्हर बिघडला तर विंडोज मरताना निदान कण्हते तरी. तुझ्याकडे तिला तेवढाही वेळ मिळत नाही, म्हणजे तिच्या पायाखालून वीजच काढून घेतली जाते. वीज काढून घेणारे दोघेच: अति तापमानाचं संरक्षण, नाहीतर वीजपुरवठा स्वतः.

तापमानाचं बघ. आजकालचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या मर्यादेवर येईपर्यंत चालतात आणि तिथे पोचले की आपला वेग कमी करतात. म्हणजे गेम अडखळायला लागतो. पूर्ण बंद पडणं हा त्याच्याही बराच वरचा शेवटचा उपाय. तापून बंद पडणारा लॅपटॉप आधी रखडतो, पंखे किंचाळतात, कळफलकाचा मधला भाग हात ठेववत नाही इतका तापतो. तू लिहिलंयस की अडखळत नाही आणि सीपीयू ८५ वर आहे. त्यामुळे माझा संशय पेस्टवर नाही. तुझी साफसफाई वाया गेली असं समजू नकोस, तो थर काढायलाच हवा होता.

तीन गोष्टी करून इथे लिही.

विंडोजचं नोंदवहीसारखं इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, आणि बंद पडल्याच्या वेळेच्या नोंदी बघ. कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद सापडेलच. ती फक्त "मागच्या वेळी नीट बंद झालो नाही" एवढंच सांगते, ती पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य आहे का ते बघ. शून्य असेल तर विंडोज क्रॅश झालेली नाही. तिथेच ८६ क्रमांकाची नोंद असेल तर ती अति तापमानाने बंद केल्याची असते, तीही शोध.

दुसरं, एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम फक्त सेन्सर्स निवडून चालू कर आणि गेमच्या आधी लॉगिंग सुरू कर. तो दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहितो. लॅपटॉप मेला तरी फाइल राहते. तिच्या शेवटच्या चारपाच ओळी मला हव्यात. बॅटरीचे रकानेही घे, ते लोक हमखास वगळतात.

तिसरं, सीपीयू आणि ग्राफिक्स वेगवेगळे ताणून बघ. आधी वीस मिनिटं फक्त सिनेबेंच, हा सीपीयू ताणणारा प्रोग्रॅम. मग लॅपटॉप थंड होऊ दे आणि फक्त फरमार्क, हा ग्राफिक्स ताणणारा, समोर बसून, नजर तापमानावर ठेवून. मग दोन्ही एकदम.

निळाठिपका

माझा सल्ला मागे घेतो. क्रॅश आणि वीज जाणं यातला फरक मी कधी बघितलाच नव्हता.

सांजपाखरू

प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे? इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत दोष निघाला होता ना, सगळीकडे चर्चा होती.

तारजोड

ते प्रकरण २०२४चं. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा आणि काळाच्या ओघात खराब व्हायचा. इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले. पण ते डेस्कटॉपच्या प्रोसेसरांबद्दल होतं, लॅपटॉपचे प्रोसेसर त्यात येत नाहीत असं इंटेलने तेव्हाच सांगितलं होतं. शिवाय तिथे गेम क्रॅश व्हायचे, निळे स्क्रीन यायचे. याचं लक्षण वेगळं आहे आणि लॅपटॉप चार वर्षांचा आहे. तो धागा सोडून देऊ.

उंबरठा

दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सगळं केलं.

४१ क्रमांकाच्या नोंदी तीन आठवड्यांत अकरा आहेत. सगळ्यांत बगचेक कोड शून्य. ८६ एकही नाही.

सिनेबेंच वीस मिनिटं चाललं, काही झालं नाही. फरमार्कही वीस मिनिटं चाललं, ग्राफिक्स ७७ वर थांबलं. दोन्ही एकदम लावले आणि चौथ्या मिनिटाला बंद.

गेमच्या लॉगच्या शेवटच्या तीन ओळी खाली देतो. क्रम वेळ, सीपीयू, ग्राफिक्स, बॅटरीची टक्केवारी, बॅटरीचा चार्ज रेट असा आहे.

२२:४१:०२ | ८३ | ७४ | ७९ टक्के | उणे ११.८ वॅट
२२:४१:०४ | ८४ | ७५ | ७९ टक्के | उणे १४.२ वॅट
२२:४१:०६ | ८६ | ७५ | ७९ टक्के | उणे ४१.३ वॅट

यानंतर फाइल रिकामी. त्या क्षणी मी गेममध्ये दार उघडून मोठ्या मैदानात आलो होतो. आता आठवतंय, बऱ्याचदा असंच होतं. लोडिंग संपून खेळ सुरू झाला की जातो.

तारजोड

तुझ्या शेवटच्या रकान्यातच उत्तर आहे. चार्जर लावलेला होता ना? मग बॅटरी ७९ टक्क्यांवर कशी आली, आणि तिच्यातून ४१ वॅट बाहेर का चाललेत?

नीट सांगतो, कारण हे फारसं कुणाला माहीत नसतं. चार्जर लावला की लॅपटॉप फक्त चार्जरवर चालतो आणि बॅटरी बाजूला बसून भरते, अशी आपली समजूत असते. अनेक गेमिंग लॅपटॉपांत तसं नसतं. सीपीयू आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम जोरात धावले की मागणी चार्जरच्या ताकदीपलीकडे जाते आणि वरची तूट बॅटरी भरून काढते. क्षणभराच्या उसळीसाठी हे ठीकच आहे, तशीच रचना असते.

पण बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. थोडा करंट शांतपणे देते, पण एकदम जास्त मागितला की तिचं व्होल्टेज धपकन खाली येतं. बॅटरीतलं संरक्षक सर्किट, किंवा बोर्डावरचं, ते बघून पुरवठा तोडतं. सगळे दिवे एका क्षणी जातात. टक्केवारी ७९ दिसत असली तरी उपयोग नाही, टक्केवारी साठा सांगते, एका दमात किती देता येईल ते सांगत नाही.

तुझ्या चाचणीतही हेच दिसतंय. एकटा सीपीयू चालला, एकटं ग्राफिक्स चाललं, दोन्ही मिळून नाही. मदरबोर्डच्या पॉवर सर्किटमध्ये दोष असता तर त्या-त्या भागावर एकट्यानेही पडला असता, निदान बहुतेक वेळा. इथे बेरीज झेपत नाहीये.

आता दोन कामं. कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढ. त्यातली डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाचा साठा) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरचा साठा), दोन्ही आकडे दे. आणि लॅपटॉप उलटा करून खालच्या पट्टीवर इनपुट किती लिहिलंय ते वाच, मग चार्जरच्या विटेवर, म्हणजे वायरीमधल्या ठोकळ्यावर, आउटपुट किती लिहिलंय ते. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही.

बॅटरीवर चालवताना कधी वीस-तीस टक्क्यांवरच बंद पडलाय का?

पहाटवारा

बॅटरीवरच संशय असेल तर ती काढूनच ठेवायची आणि नुसत्या चार्जरवर खेळून बघायचं. लगेच कळेल.

तारजोड

नका करायला लावू. तूट भरणारा तो एकमेव आधार आहे. तो काढल्यावर काही मॉडेल्स स्वतःचा वेग अगदी तळाला नेऊन ठेवतात आणि गेम नीट चालतच नाही, तर काही आणखी लवकर बंद पडतात. दोन्हीतून निदान होत नाही, आणि अचानक वीज गेल्याने डिस्कवरची फाइल खराब होण्याचा धोका मात्र वाढतो.

कोवळंऊन

मध्येच लिहितेय, माफ करा. माझाही लॅपटॉप असाच बंद पडतो, गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग करताना. पण आणखी एक आहे. टचपॅडचं क्लिक महिनाभर घट्ट झालंय आणि त्याची एक कड वर आल्यासारखी वाटते. झाकणही नीट मिटत नाही. हे बॅटरीमुळे असू शकतं का?

तारजोड

ताई, लॅपटॉप आत्ता बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. तुमची बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लिथियमच्या सेलमध्ये वायू धरला की तो फुगतो आणि टचपॅड खालून ढकलतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, स्क्रू घट्ट करून झाकण बसवायचा प्रयत्न करायचा नाही. गादीवर, कागदांजवळ ठेवू नका, फरशीवर मोकळ्या जागी ठेवा. बॅटरी हाताळणाऱ्या माणसाकडून काढून घ्या आणि जुनी ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्याच्या डब्यात अजिबात नाही. डेटाची चिंता करू नका, डिस्क वेगळी काढून त्यातलं सगळं घेता येतं. (क्वचित ती बोर्डावरच जोडलेली असते. तसं असेल तर नवी बॅटरी बसेपर्यंत थांबावं लागेल, इतकंच.)

कोवळंऊन

बंद केला. मी तो रोज रात्री उशीशेजारी चार्जिंगला लावून झोपत होते. आत्ता बाल्कनीत फरशीवर ठेवलाय. उद्या सकाळीच नेते.

सांजपाखरू

बाल्कनीत ऊन येतं का? येत असेल तर आत सावलीत ठेवा.

कोवळंऊन

येतं. हलवला. धन्यवाद.

उंबरठा

दादा, सापडलं बहुतेक.

बॅटरी रिपोर्ट: डिझाइन कपॅसिटी ५७,००० मिलिवॅट-तास, फुल चार्ज २९,६४०. आणि हो, बॅटरीवर असताना तो ३० टक्क्यांच्या आसपास बंद पडतो. मला ते वयाचं वाटायचं, म्हणून लिहिलंच नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. लॅपटॉपच्या खाली १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर लिहिलंय. चार्जरवर १९.५ व्होल्ट, ६.१५ अँपिअर. मी चार वेळा वाचलं, टॉर्च धरून, अक्षरं इतकी बारीक आहेत. माझा चार्जर असा नव्हता.

माझ्या बहिणीला, ताईला, फोन लावला. तिचाही लॅपटॉप त्याच कंपनीचा, ऑफिसच्या कामाचा, पिन अगदी सारखी. महिन्याभरापूर्वी ती सुट्टीला आली होती आणि दोघांचे चार्जर एकाच एक्स्टेन्शनला लागलेले असायचे. तिला म्हटलं विटेवर काय लिहिलंय वाच. ती म्हणाली, ९.२३. माझा चार्जर तीन आठवडे तिच्या बॅगेत फिरतोय!

दोन प्रश्न. तिच्या लॅपटॉपला इतक्या मोठ्या चार्जरने काही झालं असेल का? आणि आता बॅटरी बदलायची गरज आहे की नाही?

तारजोड

गुणाकार कर. १९.५ गुणिले ९.२३ म्हणजे १८० वॅट. १९.५ गुणिले ६.१५ म्हणजे १२० वॅट. तुझ्या यंत्राला साठ वॅट कमी मिळत होते. तूट बॅटरीच्या डोक्यावर, आणि बॅटरी ५२ टक्क्यांवर आलेली. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित तू कधी हा धागा काढलाच नसतास. चांगल्या बॅटरीने लहान चार्जर काही दिवस सांभाळून घेतला असता, आणि मोठ्या चार्जरने म्हातारी बॅटरी झाकून ठेवली असती. मागचे काही महिने तेच चालू होतं.

ताईच्या लॅपटॉपची काळजी सोड. व्होल्टेज सारखं असेल तर अँपिअरचा आकडा ही चार्जरची देण्याची क्षमता असते. तो आत काही ढकलत नाही, लॅपटॉप लागेल तेवढंच ओढून घेतो. व्होल्टेज वेगळं असतं तर मात्र गोष्ट वेगळी झाली असती. १९.५च्या यंत्राला पिन बसते म्हणून भलत्याच व्होल्टचा चार्जर कधी लावायचा नाही.

बॅटरी बदलच. चार्जर परत आल्यावर बंद पडणं थांबेल असं मला वाटतं, पण ३० टक्क्यांवर मरणारी बॅटरी पुढेही बिघडतच जाणार. तोवर गेममध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० वर बांध. मेन्यूमध्ये आणि लोडिंगनंतर ग्राफिक्स विनाकारण शेकडो फ्रेम काढायला धावतं, ती उसळी त्याने टळते. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती ९९ टक्के केलीस की बऱ्याच यंत्रांवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, सीपीयूची भूक बरीच उतरते. आणि १२०चा चार्जर लावून गेम खेळूच नकोस, कॉलेजचं काम त्यावर आरामात होईल.

जुनाकळफलक

शांतपणे वाचत होतो. चार्जर बरोबर असूनही हेच लक्षण असणाऱ्यांसाठी एक भर. लॅपटॉपची चार्जिंगची खाच बघा. पिन सैल झाली की ताणाच्या वेळी स्पर्श सुटतो किंवा ठिणगी पडून आतला धातू काळवंडतो. गेम संपल्यावर पिनचं टोक बोटाला चटका देण्याइतकं गरम लागलं तर तिथेच दोष आहे. माझ्या एका लॅपटॉपच्या पिनभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागलं होतं, तेव्हा लक्षात आलं.

टाइप-सीवरून चार्ज करणाऱ्यांनीही लक्ष द्यावं. त्या चार्जरांची मजल बराच काळ १०० वॅटपर्यंतच होती, २०२१मध्ये आलेल्या नव्या प्रमाणात ती २४० वॅटवर गेली. पण चार्जर, केबल आणि लॅपटॉप या तिघांनाही ते जमत असेल तरच. केबल जुनी असेल तर मोठा चार्जर घेऊनही आकडा वाढत नाही.

पहाटवारा

मी पेस्टवर अडून बसलो होतो. आता विचार करतो, माझ्याकडे दुसऱ्यांदा पेस्ट लावल्यावर थांबलं तेव्हा मी बॅटरीचा कनेक्टरही काढून परत बसवला होता. कदाचित तोच सैल असेल.

तारजोड

शक्य आहे. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, आणि शेवटचं तो नीट दाबून बसवणं. अर्धवट बसलेला कनेक्टर साध्या कामाला पुरतो आणि ताणाखाली दगा देतो.

कोवळंऊन

काल बॅटरी काढून घेतली. तीन सेलपैकी मधला उशीसारखा टम्म फुगला होता. काढणाऱ्या माणसाने मला तो लांबूनच दाखवला. डिस्क वेगळी करून सगळ्या फाइल मिळाल्या. नवी बॅटरी येईपर्यंत लॅपटॉप तिथेच आहे. वेळेत लिहिलंत, फार उपकार झाले.

उंबरठा

ताईने चार्जर पाठवला, आज हातात पडला.

सिनेबेंच आणि फरमार्क एकत्र, पंचवीस मिनिटं. बंद पडला नाही. मग गेम, त्याच दारातून त्याच मैदानात, दोन तास. लॉगमध्ये बॅटरी सुरुवातीला १०० टक्के आणि शेवटीही १००. चार्ज रेटचा रकाना जवळजवळ सगळा शून्य, एका ठिकाणी फक्त उणे ६ वॅट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ची नवी नोंद नाही.

बॅटरीची ऑर्डर दिली आहे. प्रोजेक्टची प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. दोन्ही चार्जरच्या विटांवर पांढरी पट्टी चिकटवली, एकीवर जाड मार्करने १८० लिहिलं, एकीवर १२०. १२०ची वीट ताईला परत पाठवतोय.